सोमवारचं बोलणं

निलोफरचा सोमवार वढू बुद्रुकचा आणि मंगळवार खुटबावचा. राहायला ती यवतला. ऑटिझम असलेल्या, तोंडानं न बोलणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन शिकवायचं तिचं काम होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि चित्रांची पाकिटं घेऊन ती स्कूटीवर ऊन-वारा न बघता हिंडायची.

प्रत्येक मुलाला तिच्या संस्थेनं एकेक टॅब दिला होता. त्यातल्या अ‍ॅपमध्ये चित्रांचे चौकोन होते. पाणी, भाकरी, गाडी, हवं, नको, आई, मी. चौकोनावर बोट ठेवलं की एका बाईचा सपाट आवाज तो शब्द बोलायचा आणि वरच्या पट्टीत शब्द एकापुढं एक लागत जायचे. टॅबमध्ये सिमकार्ड नव्हतं. इंटरनेट तर निलोफरनं स्वतःच बंद करून ठेवलं होतं, नाहीतर पोरं व्हिडिओत बुडतात.

वढूचा माऊली आठ वर्षांचा. त्याचे वडील महेंद्र सणसवाडीच्या एका कंपनीत रात्रपाळी करायचे, आई दिवसपाळी. त्यामुळं दिवसा पोराजवळ महेंद्रच. डोळे तांबारलेले, पण निलोफर आली की तिच्याबरोबर खाली सतरंजीवर बसायचे. माऊली कित्येक महिने एकच चौकोन दाबत होता. गाडी. गाडी. गाडी.

खुटबावची सृष्टी त्याच्याएवढीच. आईवडिलांची शेवंतीची शेती. घराच्या ओट्यावर फुलांचे क्रेट रचलेले असायचे आणि सृष्टी त्यांच्या आडोशाला, सगळ्यांकडं पाठ करून बसायची. अंगाला कुणी हात लावलेला तिला सोसायचा नाही. तिची आई शितल एकदा म्हणाली होती, "ताई, मला मोठं काय नको. आई म्हणली तरी बास हाय." अजून ती म्हणाली नव्हती.

उन्हाळा लागता लागता माऊलीनं गाडी सोडली आणि 'निळं' दाबायला लागला. दुसऱ्या दिवशी खुटबावात सृष्टीनं दोन चौकोन जोडले. 'निळं पाणी.'

निलोफरला आनंदच झाला. दोन्ही मुलं एकाच आठवड्यात पुढं सरकली होती. तिनं शितलला निळा प्लॅस्टिकचा पेला आणायला सांगितलं.

पुढच्या सोमवारी माऊलीनं 'कोण' दाबलं. दाबून तो तोंड वर करून थांबला, जणू पलीकडून कुणी बोलायचं राहिलंय. कुणीच बोललं नाही. मंगळवारी निलोफर सॅक उतरवते न उतरवते तोच सृष्टीनं दाबलं, 'मी. सृष्टी.'

आजवर नावानं हाक मारल्यावर तिनं मान वळवली नव्हती. शितल चुलीवरची भाजी तशीच टाकून आली आणि तोंडावर पदर धरून रडली. निलोफर हसली, पण आदल्या दिवशीचं माऊलीचं 'कोण' तिला आठवलं.

ती शहाणी बाई होती. शिकवणाऱ्याच्या मनातलं नकळत त्याच्या हातातून, नजरेतून मुलापर्यंत जातं हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मग ती लांब, दाराशी बसू लागली. हात मांडीवर, नजर बाहेर रस्त्यावर. दोन आठवडे वार बदलून पाहिले, आधी खुटबाव आणि मग वढू. काही फरक पडला नाही. एका घरी अर्धवट राहिलेलं दुसऱ्या घरी पुरं व्हायचं. मधे भीमा नदी, लोणीकंद, थेऊर, एवढा मुलूख. दोन्ही घरांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं.

मग सृष्टी नुसतं 'नको' म्हणायला लागली. 'पाणी नको. दादा नको.' शितलनं पेला पुढं केला की तो भिरकावून द्यायची आणि पुन्हा तेच दाबायची, नखं पांढरी होईस्तोवर.

"दादा कोण गं?" शितल विचारायची. "आपल्या घरी कोण दादा?"

पुढच्या सोमवारी निलोफरनं महेंद्रना विचारलं, "तुमच्याकडं शेततळं आहे का?"

"हाय की. घराच्या मागंच. चुलत्यांचं आन् आमचं मिळून."

"तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद निळा आहे?"

"व्हय." महेंद्र तिच्याकडं बघत राहिले. "तुमी कवा बघितलं, मॅडम?"

अशा मुलांना पाण्याची ओढ फार असते, भीती नसते, एवढंच तिनं सांगितलं. ते खोटं नव्हतं. महेंद्रनी ऐकलंही. त्याच दिवशी तळ्याच्या कुंपणाला पत्र्याचं दार बसवलं, जाळी उंच केली, कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. निलोफरनं स्वतः दार ओढून पाहिलं. जाळीआडून पाणी दिसत होतं. वारा होता, पण त्यावर तरंग नव्हता.

पुढच्या मंगळवारी सृष्टीनं टॅब उचललाच नाही. क्रेटांच्या आड ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि तिच्या घशातून बारीक, सलग आवाज येत होता. निलोफरनं तिथूनच महेंद्रना फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका बाईनं उचलला, आणि पाठीमागं खूप माणसं बोलत होती.

ती वढूला भेटायला गेली तेव्हा महेंद्र भिंतीला टेकून बसले होते. डोळा लागला होता, म्हणाले. थोडासाच.

"कुलूप लावलेलंच व्हतं, मॅडम. मीच उघडलं, मग पाण्यातनं काढला त्याला. जाळी कुठं फाटली न्हाई, वाकली न्हाई." मग करदोट्याची किल्ली त्यांनी तिच्यापुढं धरली. "ही माझ्या कमरंलाच व्हती."

निघताना त्यांनी माऊलीचा टॅब तिच्या हातात दिला. "दुसऱ्या कुणाच्या पोराला हुईल."

रस्त्याकडेला स्कूटी उभी करून निलोफरनं तो चालू केला. वरच्या पट्टीत त्याचं शेवटचं बोलणं तसंच होतं.

'हो. येतो.'

तिनं ते दोनदा वाचलं. सृष्टी तर नको म्हणत होती. शेवटपर्यंत नकोच म्हणत होती. 'ये' कुणी म्हटलं होतं?

खुटबावला जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण गेली. शितल फाटकातच सामोरी आली. इतकी प्रसन्न तिला निलोफरनं कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, बोलायला लागली ओ माझी पोर. सारखी बोलती. मला आई म्हणली."

सृष्टी आज ओट्याच्या कडेला, उजेडात बसली होती. 'थंड', तिनं दाबलं. थांबली. मान एका बाजूला कलती केली. मग, 'हो. मी.' पुन्हा थांबली. फोनवर बोलणारी माणसं थांबतात तशी.

"शितल, हा टॅब मी थोडे दिवस नेऊ का?"

शितलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "का ओ ताई? काय चुकलं का आमचं?"

निलोफर ओट्यावर टेकली. काय सांगणार होती? त्या बाईनं आठ वर्षं एका शब्दाची वाट पाहिली होती.

"नाही," ती म्हणाली. "चुकलं काही नाही."

तिनं तिथंच बसून 'पाणी', 'निळं', 'ये', 'येते' हे चौकोन काढून टाकले. सृष्टीनं काढू दिले. शांतपणे बघत राहिली.

पुढच्या मंगळवारी शितलनं चहा पुढं ठेवला. "तुमी टाकल्यालं नवं चित्र लई आवडलं बघा तिला."

"कुठलं?"

"ते ओ, रिकामं. आवाज येत न्हाई त्याला. पर ती तेच दाबती आन् कानाला लावून बसती."

निलोफरनं टॅब घेतला. शेवटच्या ओळीत एक चौकोन होता. त्यात चित्र नव्हतं, नाव नव्हतं. तिनं काढायचा प्रयत्न केला. बाकीचे चौकोन हलले, तो हलला नाही.

तिनं तो दाबला. काही आलं नाही.

तिनं टॅब कानाला लावला.

बाहेर शेवंतीत बायका फुलं तोडत होत्या, त्यांचं बोलणं थांबल्यासारखं वाटलं. कानात नुसती शांतता होती. खोल, आणि खाली खाली जाणारी.

तिनं टॅब बाजूला केला तेव्हा कान गार पडला होता. गळ्यावरून काहीतरी ओघळत होतं. तिनं हात लावून पाहिला. पाणी होतं.

शितल आत साखर आणायला गेली होती. सृष्टी उठली, जवळ आली. फ्रॉकच्या टोकानं तिनं आधी टॅबची काच पुसली, मग निलोफरचा कान, मग मान. रोजचंच काम असल्यासारखं, नीट, सगळीकडून.