लग्नाच्या दिवसाचा फोटो

मुलीनं जुन्या फोटोंचा डबा पलंगावर उपडा केला आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या सावत्र आईच्या काळजाचा ठोका चुकला!

"मावशी, मी दोन वर्षांची असतानाचा एखादा फोटो असेलच ना? माझी लेक माझ्यावर गेलीय का, बघायचंय."

"तू बस ना… मी देते शोधून."

"नको. माझं मी बघते."

तोच तुटक, परका स्वर! सव्वीस वर्षं सावत्र आई तो ऐकत आली होती; मुलीसाठी ती कायम 'मावशी'च राहिली होती. मुलीचा डावा पाय आखूड राहिला होता. मावशीच्या हातून आपण जिन्यावरून पडलो, एवढंच तिला ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिनं मावशीला कधीच क्षमा केली नव्हती.

खरं तर टेम्पो मागे घेताना बापालाच ती चिमुकली दिसली नव्हती… पाच वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "माझा पाय कुणी मोडला?" तेव्हा बापाचा चेहरा पांढराफटक पडला आणि आईविना वाढणारी ही पोर आता बापालाही दुरावणार, या धास्तीनं मावशीच बोलून गेली होती, "माझ्या हातून पडलीस गं, राणी…"

एकेक फोटो बाजूला पडत होता. अचानक मुलीचा हात थबकला.

नोंदणी कचेरीच्या पायऱ्या, नव्या कपड्यांत अवघडलेली मावशी… आणि बाबांच्या कडेवर, मांडीपर्यंत प्लास्टर घातलेली ती स्वतः! मागे बाबांचं अक्षर : 'लग्नाचा दिवस'.

"तुम्ही तर तेव्हा या घरात आलाही नव्हता! मग तुमच्या हातून मी पडले कशी?"

मावशीनं घाईनं जिन्याकडे पाहिलं. "हळू बोल… ते येतील इतक्यात!"

"म्हणजे… बाबा?"

"पाया पडते तुझ्या, त्यांना विचारू नकोस! त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही गं. मला हवं ते बोल… त्यांना नको!"

जिन्यात चपला वाजल्या. म्हातारा बाप दारात आला. पसरलेले फोटो, रडणारी लेक आणि तिच्या हातातला तो फोटो पाहून जागीच खिळला.

"काय… काय झालं?"

मावशीनं डोळे गच्च मिटून घेतले.

मुलीनं फोटो पालथा ठेवला. "काही नाही, बाबा. मी आईला फार छळलं… तेच आठवलं."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. 'आई' हा शब्द तिनं या बाईसाठी पहिल्यांदाच उच्चारला होता… आणि तो का, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.