रिकाम्या स्टँडला दिलेलं उत्तर

हे खोटं असतं तर सगळ्यात आधी मलाच बरं वाटलं असतं.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण मी तिथे होते. आईच्या शेजारच्याच खुर्चीवर.

नाताळनंतरचा पहिला शनिवार. मिशिगनचं वरचं टोक, तळ्याकाठचं एक कॉलेज. गावाचं नाव सांगत नाही, माझी माणसं अजून तिथे आहेत. बाहेर कमरेएवढा बर्फ, आणि चार वाजताच अंधारून आलेलं.

माझा धाकटा भाऊ नेल्स पाहुण्या संघाचा गोलकीपर होता. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपरला गेंड्याची कातडी लागते. यजमान कॉलेजची पोरं बरोबर त्याच्या पाठीमागच्या स्टँडमध्ये बसतात आणि त्याला सोलून काढतात. गोल झाला की "चाळणी! चाळणी!" सामन्याआधी पाहुण्यांची नावं पुकारली की प्रत्येक नावावर सगळे मिळून ओरडतात, "कोण?"

हे बहुतेक रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानांवर, चालतं. कुणी मनावर घेत नाही.

आमची आई घ्यायची. मार्लिस कांगस म्हणजे तोफच. वडील गेल्यापासून तिने नेल्सचा एकही सामना चुकवला नव्हता. त्याला कुणी "कोण" म्हटलेलं तिला खपायचं नाही.

त्या दिवशी कॉलेजची पोरं सुट्टीला घरी गेलेली. गोलमागचा स्टँड ओस पडलेला. नुसती लाकडी बाकं.

आमच्या पुढच्या रांगेत डेल नावाचे एक म्हातारे बसले होते. यजमानांचे जुने भक्त. मांडीवर घोंगडं, हातात मांस-बटाट्याची पेस्टी.

"एवढ्या बर्फातून हरायला आलात?" ते मागे वळून आईला म्हणाले.

"हरायला नाही काका, तुम्हाला रडवायला. ती पेस्टी आधी संपवा, नंतर घशाखाली उतरायची नाही."

ते खो खो हसले. "तोंड आहे हो तुम्हाला! नशीब समजा, आज आमची पोरं नाहीत."

नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक नाव छतापर्यंत जाऊन विरत होतं. सगळं शांत.

शेवटी... "गोलकीपर, नेल्स कांगस."

आणि त्या रिकाम्या बाकांवरून आवाज आला...

"कोण?"

एकाचा नाही. शेकडो गळ्यांचा. पण दबका, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

मी आईकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

"लपून बसलीत वाटतं कार्टी," असं म्हणत ती ताडकन उभी राहिली. "माझा मुलगा आहे! नेल्स!"

डेलकाकांचा घास तोंडाशीच थांबला.

"बाई, बसा खाली. पोरं असतील तेव्हा हवं तेवढं भांडा. सुट्टीत त्या बाजूला उत्तर द्यायचं नसतं."

"का म्हणून?"

"आम्ही देत नाही."

पुन्हा... "कोण?"

या वेळी जवळून.

"नेल्स कांगस! मार्लिस कांगसचा नेल्स! कान साफ करा मेल्यांनो!"

डेलकाकांनी घोंगडं गुंडाळलं. आमच्याकडे न बघता पार वरच्या रांगेत जाऊन बसले.

त्यानंतर "कोण" ऐकू आलं नाही.

नाव ऐकू येऊ लागलं.

"ने...ल्स..." लाडात, लांबवून. खेळायला बोलावतात तसं.

चिडवणाऱ्यांकडे नेल्स कधी वळून बघायचा नाही. त्या दिवशी वळला. खेळ ऐन रंगात असताना. खेळाची चकती त्याच्या पायाशेजारून गोलात गेली, त्याला पत्ताच नाही. तो बाकांकडे बघत होता. आधी पहिली रांग, मग दुसरी, मग त्यामागची. एकेकाचा चेहरा बघावा तसा.

दुसरा गोल. तिसरा.

"नेल्स! इकडे बघ, मी इथे आहे!" आई मैदानाभोवतीच्या काचेपाशी धावली. भरगच्च रिंकमध्येही तिच्या हाकेला त्याची मान वळायची. त्या दिवशी वळली नाही. शेवटी संघातल्या दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर नेलं.

सामन्यानंतर बसपाशी आईने त्याचा चेहरा ओंजळीत धरला.

"काय दिसलं रे बाळा?"

"जागा धरलीय त्यांनी," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

फेब्रुवारीत त्याने संघ सोडला, मग कॉलेज. जिथे तो सामना झाला, त्याच गावात एक खोली घेतली. डॉक्टर झाले, पाद्री झाले. दोनदा आम्ही त्याला गाडीत घालून घरी आणलं, दोनदा तो परत गेला. पोरं सुट्टीला गेली की तो त्या रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसतो. गावातलं कुणी त्याला हटकत नाही. कुणी बोलतही नाही.

आई दर हिवाळ्यात जायची. काचेपाशी उभी राहून हाका मारायची. एकदा तरी त्याने वळून बघावं, एवढीच तिची इच्छा. मी तिला समजावून थकले. आपलं माणूस डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही, यासारखं दुःख नाही.

यंदा ती एकटीच गेली. मला रजा मिळाली नाही.

काल दुपारी तिचा फोन आला. कितीतरी दिवसांनी आवाज मोकळा होता.

"बोलला गं तो! सरकून बसला. मला जागा करून दिली."

"आई, तिथून ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

"अगं, कशी उठू? केवढी गर्दी आहे... बाहेर पडायला वाटच नाही."

फोन बंद झाला.

मी रिंकच्या ऑफिसात फोन करून विचारलं. ते म्हणाले, सुट्टीमुळे आठवडाभर कुलूप आहे, आत कुणीच नाही. माझ्या आग्रहाखातर त्यांनी उघडूनही पाहिलं. रिकामी बाकं.

आईचा फोन आता लागत नाही. नेल्सच्या घरमालकाला त्याच्या खोलीचं दार वाजवायला लावलं, कुणी उघडत नाही. मी गाडीची किल्ली हातात घेऊन सकाळपासून बसले आहे.

गेले, तर ते मलाही जागा करून देतील. आणि आई हाताला धरून बसवेल.