वादळाआधीची शेवटची गाडी

नॉटिंगहॅम स्टेशनबाहेर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर एकच गाडी उरली होती, आणि ती ऋजुताच्या पुढे उभ्या असलेल्या उंच माणसानं घेतली.

त्या संध्याकाळपासून हिमवादळ येणार, अशी रेड वॉर्निंग होती. अगदीच गरज नसेल तर बाहेर पडू नका, असं रेडिओ सकाळपासून बजावत होता. ट्रेन बंद झाल्या होत्या, लंडनच्या हीथ्रो विमानतळाकडे जाणारी बसही रद्द झाली होती. पण ऋजुताला हीथ्रो गाठायचंच होतं. नागपुरात बाबा आयसीयूत होते.

“आई, गाडी पण गेली गं, आता हीथ्रोला कशी पोचू?” ती फोनवर म्हणाली.

पुढचा माणूस वळला. तिच्याच वयाचा असेल.

“सॉरी... तुम्ही मराठी? मी समर. मिल्टन कीन्सला घरी चाललोय, पण तुम्हाला आधी हीथ्रोला सोडतो. बाहेर ती निळी आहे ना, ती माझा गाडी.”

“माझी गाडी,” ती बोलून गेली. दर रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवायची, तीच सवय.

त्यानं चावीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ओके... तुमची. पण ड्राइव्ह मी करू?”

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

मोटरवेला लागेपर्यंत बर्फ भुरभुरत होता, काचेवर पडून लगेच विरघळत होता. हवामानवाल्यांनी संध्याकाळचं सांगितलंय, तोवर आपण पोचतो, असं समर म्हणाला. त्याचा जन्म इथलाच. तो बोलायचा, ती दुरुस्त करायची, आणि तो तीच चूक मुद्दाम पुन्हा करायचा.

“तू हे मुद्दाम करतोयस.”

“तू हसते म्हणून.” आणि मग जरा थांबून, रस्त्यावरची नजर न काढता, “तुझी हसू छान आहे.”

“तुझं हसू.”

“थँक यू. सगळे म्हणतात.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली... गाल गरम झाले होते. बाबा तिकडे तसे असताना आपल्याला हे सुचतंच कसं, या विचारानं तिला लगेच अपराधी वाटलं. त्याला ते कसं कळलं कोण जाणे. त्यानं नुसतं विचारलं, “बाबा कसे आहेत... म्हणजे, माणूस म्हणून?”

मग ती बोलत राहिली. बाबा तिला स्कूटर शिकवताना मागून धावायचे ते, आईशी भांडण झालं की गच्चीत जाऊन झाडांना पाणी घालत बसायचे ते. तो ऐकत होता. इतकं लक्ष देऊन तिचं कुणी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

वादळानं मात्र संध्याकाळची वाट पाहिली नाही. नॉर्थॅम्प्टन मागे पडलं आणि वाऱ्यानं गाडी बाजूला ढकलायला सुरुवात केली. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले. एक लॉरी तिन्ही लेन अडवून आडवी पडली होती. पोलीस गाड्या मिल्टन कीन्सच्या एक्झिटकडे वळवत होते.

“मोटरवे बंद,” समर म्हणाला. “पण ए-फाइव्हच्या जुन्या रस्त्यानं जाता येईल. मी नेतो तुला. घर नंतर.”

पहिल्याच राउंडअबाउटवर गाडी घसरली. हळूच, आवाज न करता, ती अर्धी फिरली आणि कठड्याला टेकून थांबली. समरनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. हीथ्रोकडे जाणारा रस्ता समोर होता, त्याचं घर डावीकडे. स्टिअरिंगवर त्याचे हात थरथरत होते, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून त्यानं ते घट्ट आवळून धरले होते.

तिनं त्या हातांकडे पाहिलं.

“गाडी घरी घे, समर.”

“तुझी फ्लाइट—”

“घे म्हणते ना.”

“आणि तुझे बाबा?”

“तुझीही घरी कुणीतरी वाट बघतंय,” ती म्हणाली.

घरी त्याची आई, मनीषाकाकू, दारातच उभी होती. तिनं ऋजुताला आत घेतलं. गरम पाण्याची पिशवी दिली, मऊ भात वाढला, आपल्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. धावपट्टी बंद व्हायच्या जरा आधी ऋजुताचं विमान सुटलं. तिच्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नागपुरात तेव्हा रात्र झाली होती. बाबा गेले होते. त्या विमानात असती तर ती संध्याकाळीच त्यांच्याजवळ पोचली असती... हा हिशोब तिनं मनात केला, आणि समरनंही केला. त्याचा चेहराच सांगत होता.

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. “मी चालवायला पाहिजे होता. सॉरी. मी...” त्या वेळी तिनं काही दुरुस्त केलं नाही. त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून ती रडत राहिली.

बाबांना निरोप तिनं फोनच्या पडद्यावर दिला. रस्ते मोकळे झाले तसं त्यानं तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना तिनं त्याचा हात क्षणभर धरला, सोडला. परत येईन, असं म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी तिनं नागपूरहून फोन लावला.

“आईनं आज एक सांगितलं,” ती म्हणाली. “मी अडकले, हे तिनं बाबांना त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा शुद्धीवर होते. म्हणाले, बरं झालं, वादळात नको. मग विचारलं, तिच्याबरोबर कोण आहे? आईला नावही माहीत नव्हतं. म्हणाली, आहे कुणीतरी मराठी मुलगा. तर बाबा म्हणाले... मग ठीक आहे. आणि झोपले.”

पलीकडे समर खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

“समर? ऐकतोयस?”

“हो.”

“मला इतक्यात येता यायचं नाही. आईला एकटं सोडवत नाही. कदाचित नोकरीही जाईल.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि तुझी फार आठवण येते.”

“मी येऊ तिकडे?” त्यानं अगदी हळू विचारलं. “एप्रिलात मला सुट्टी मिळेल.”

“एप्रिलात नको. इथलं ऊन तुला सोसायचं नाही.”

“मग कधी?”

तिनं डोळे पुसले.

“आत्ता ये.”