तीन हाका

कालवा दिन कोणत्या तारखेला करायचा, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलं पाणी सोडल्याची तारीख जुन्या कागदांत दोन ठिकाणी दोन निघाली. शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी, मार्चचा पहिला रविवार ठरवून विषय संपवला. मग चहा, खुर्च्या, लाउडस्पीकर. पालिकेचा इंजिनिअर म्हणाला, "सरांच्या भाषणाला कालव्यासारखा एखादा दरवाजा बसवता येतो का बघा. वेळेवर बंद करायला बरा." सगळे हसले, सरही हसले. इतिवृत्त मी लिहीत होते, तेवढं वाक्य गाळलं.

हसण्यामागे धास्ती होती. नऊ वर्षांपूर्वी पाइपलाइन आली आणि कालवा कोरडा पडला. दीडशे वर्षांचं दगडी बांधकाम बुजवून वर रस्ता करायचं घाटत होतं. आमच्या अर्जावर पालिकेने एकच अट घातली: त्या दिवशी सगळ्यांसमोर कालवा वाहता करून दाखवा. वाहिला, तर दर वर्षी कालवा दिन करायचा ठराव होईल आणि कालव्याला कोणी हात लावणार नाही. नाही वाहिला, तर रस्ता.

अर्ज मी केला होता, बाबांसाठी. बत्तीस वर्षं ते या कालव्यावर पाटकरी होते. वरच्या तलावाच्या दरवाजाचं चाक फिरवून पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. नोव्हेंबरात ते गेले.

दरवाजाच्या पुढे कालवा टेकडीच्या पोटात शिरतो. चारशे पावलांचा बोगदा, पलीकडे शहर. कोरड्या दिवसांत बोगद्यात माणसं जात. कोणी सावलीला, कोणी पडलेले दगड काढायला, पोरं पैज लावून. म्हणून चाकाला हात लावण्याआधी बाबा बोगद्याच्या तोंडाशी वाकून विचारत, "खाली कोणी आहे का?" मग वीस आकडे मोजत. अशा तीन हाका. आत कोणी असेल, तर त्याने "आहे" म्हणायचं. तिन्ही वेळा काही आलं नाही, तरच चाक. एकदा विचारून भागत नाही का, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं.

"बाहेरच्याला घाई असते गं," ते म्हणाले. "आतल्याला उठून बसायला वेळ लागतो."

हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या दुपारी, त्यांनी डोळे मिटलेले असतानाच ती हाक मारली. नर्स सलाइनची बाटली बदलत होती. मला उत्तर ठाऊक होतं. एकच शब्द. पण परक्या बाईसमोर तो मोठ्याने म्हणायला मला कसंसंच वाटलं. "भ्रमात बोलतात हो, लक्ष देऊ नका," ती म्हणाली. बाबांनी ओठ हलवत आकडे मोजले. दुसरी हाक मारली. पुन्हा मोजले. तिसरी मारली. मग दोन्ही हात चादरीवरून उचलले, चाक धरावं तसे, आणि फिरवले.

धाकट्या भावाला मी हे सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता रंगीत तालीम होती. वर सर, इंजिनिअर आणि मी. खालच्या तोंडाशी, पायऱ्यांवर, माझा भाऊ. चाकाला नवं ग्रीस लावलेलं होतं. बोगद्यातून चेहऱ्यावर गार हवा येत होती आणि तिला ओल्या चुन्याचा वास होता.

"प्रथा आहे तशी पाळू या," सर म्हणाले. "लोकांना आवडेल."

मी वाकून पहिली हाक मारली. वीस मोजले. दुसरी मारली. चौदावर पोचले होते.

"आहे."

ओरडून नव्हे. शेजारच्या खोलीतून कोणी सहज ओ द्यावी, तसं.

"प्रतिध्वनी," इंजिनिअर म्हणाला.

"प्रतिध्वनी चौदा आकडे थांबत नाही," मी म्हणाले. " आणि शब्द बदलत नाही."

त्याने वाद घातला नाही. बॅटरी घेऊन आत उतरला. थोड्या वेळाने भावाचा फोन आला. "ताई, साहेब बाहेर आले. एकटेच. आत काळं कुत्रंसुद्धा नाही म्हणतायत. चेहरा मात्र असा केलाय, जणू मीच लपून बसलो होतो."

तेवढ्या वेळात मी टाळी वाजवून पाहिली. तिचा आवाज लगेच, फिकट होऊन परत आला. "कोण आहे?" असं विचारलं. त्याचाही नुसता पडसाद आला. मग पुन्हा बाबांची हाक मारली, त्यांच्याच शब्दांत. या वेळी उत्तर नऊ आकड्यांवर आलं, आणि त्याच्यामागून घसा खाकरल्याचा आवाज.

एका शब्दावरून माणूस ओळखता येत नाही. खाकरण्यावरून येतो.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मला सातवीत शिकवलं होतं. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "हाक मारलीच नाही, तर उत्तर कुठून येईल?"

"नियम आहे, सर."

"तो पाटकऱ्याचा नियम. तू पाटकरी नाहीस. आणि रविवारी पाणी सुटलं नाही, तर तुझ्या वडिलांचा कालवाच उरणार नाही. मग हाक कुठे मारशील?"

त्या दिवशी चाक फिरवलंच नाही. शुक्रवारी दुपारी मी एकटीच तिथे गेले. शनिवारीही गेले. बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिले, पण हाक मारली नाही. आतूनही काही आलं नाही. विचारल्याशिवाय न बोलणारं कोणीतरी आत शहाण्यासारखं बसलं आहे, असं दोन्ही दिवस वाटत राहिलं.

रविवारी तीनशे माणसं आली. सरांचं भाषण वाहतच राहिलं. नगराध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मी चाकाला हात लावला.

गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "अहो ताई, हाक राहिली की!"

"वेळ कमी आहे, आजोबा," सर माइकमधून म्हणाले. लोक हसले.

मी बोगद्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं.

हाक मारली नाही.

चाक फिरवलं.

पाणी आधी तांबूस आलं, मग फेसाळ. बोगद्यात शिरलं आणि त्याचा आवाज एकदम बंद झाला. मी आकडे मोजत होते, हे मला ऐंशीच्या पुढे गेल्यावर कळलं. काही मिनिटांनी इंजिनिअरच्या फोनमधून खालच्या टोकाच्या टाळ्या ऐकू आल्या. ठराव तिथल्या तिथे, हात वर करून झाला. "दर वर्षी," सर माइकमध्ये म्हणाले. "दर वर्षी!"

माझा भाऊ टायरचं दुकान चालवतो. जिच्यात हवा भरता येत नाही, अशा गोष्टीवर त्याचा विश्वास नसतो. दुपारी तो घरी आला, जेवला, ताट उचललं, हात धुतले आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसला.

"ताई, तुम्ही लोकांनी आत कोणाला सोडलं होतं?"

"नाही. का रे?"

"खालचा गाळ मजुरांनी काल फळीने सारखा केला होता. फोटो चांगला यावा म्हणून. मी पायऱ्यांवर उभा होतो. आधी नुसता वारा आला. बाकीचे सगळे फोन वर धरून, पाणी कधी येतंय ते बघत होते. मी खाली बघत होतो. गाळात पावलं उमटत आली. अनवाणी. आतून बाहेर."

"कोणाची?"

"कोणीच नव्हतं गं. पावलंच. लांब लांब पडत होती. कोणी पळत सुटलं की पडतात तशी."

"पायऱ्यांपर्यंत आली?"

"चार हात राहिले होते."

त्याने दोन्ही तळहात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, बोटं माझ्याकडे करून. मग ते उचलले, वळवले आणि पुन्हा ठेवले.

"शेवटची दोन अशी होती," तो म्हणाला. "बोगद्याकडे तोंड करून. मग पाणी आलं."