फाटक, पायपुसणं, दार

फ्रिजमागचा स्टॅबिलायझर खट्कन वाजला आणि दुपारची शांतता मोडली. सुचेताने श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. ऋजूने झोपेतच ओठांनी दोन घोट घेतले, कूस बदलली आणि मुठी सैल सोडल्या. सुचेताने लॅपटॉप मांडीवर ओढला. आता हातात दीड तास होता. लेकीची कृपा झाली तर पावणेदोन.

मे महिन्यात भोपाळची ती कारखान्याची टाउनशिप दुपारभर निपचित पडून असे. पिवळ्या बैठ्या क्वार्टर्सच्या रांगा, दर फाटकाशी एक पेरूचं झाड आणि घरोघर कूलरची घरघर. अरविंद फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाई, तो चारनंतर घरी येई. सुचेता कारखान्याच्याच संगणक विभागात कंत्राटावर होती. ऋजू झाल्यावर घरून काम करायची सवलत मिळाली होती, ती जूनअखेर संपणार होती. पुढे मिळते की नाही, ते हातातल्या या एका कामावर ठरणार होतं.

काम टाउनशिपच्या पाण्याचं होतं. दोन किलोमीटरवरच्या पंपहाउसात एक सर्व्हर होता. त्यावर ‘नीर’ नावाची सर्व्हिस, म्हणजे एक प्रोग्रॅम, पडद्याआड अहोरात्र चाले आणि कोणत्या सेक्टरचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवी. आजवर ती सर्व्हरवर कुठेही फिरू शकत होती. आता तिला कुंपण घालायचं होतं. सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलला एक लेबल द्यायचं आणि ‘नीर’ने कोणत्या लेबलांना हात लावायचा याची यादी करायची. यादीत असेल ते मिळेल. नसेल ते नाही, मग मागणारा कुणीही असो.

यादी करायची रीत ठरलेली होती. आठवडाभर कुंपण नुसतं आखून ठेवायचं. सर्व्हिस मागेल ते तिला मिळू द्यायचं, फक्त नियमाबाहेरची प्रत्येक मागणी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहून घ्यायची. मग ते वाचून यादी पक्की करायची आणि सोमवारी फाटक लावायचं.

“पढ़ना क्या है उसमें?” तिच्या विभागाचे प्रमुख सक्सेना साहेब फोनवर म्हणाले होते. “जो-जो माँगे, लिस्ट में डाल दो. बस सोमवार से पहले हाथ मत लगाना, सुचेता जी. मई का महीना है. पानी बंद हुआ तो कॉलोनी की भाभियाँ मेरी खटिया खड़ी कर देंगी.”

सुचेता मात्र ओळ अन् ओळ वाचत असे.

मंगळवारी एक ओळ वेगळी दिसली. दुपारी दोन चाळीसला ‘नीर’ने एक गोष्ट मागितली होती, तिचं लेबल होतं ‘फाटक’. अक्षरं इंग्रजी, पण शब्द फाटकच. असं लेबल सुचेताने बनवलं नव्हतं. पंपहाउसातल्या कुणी व्हॉल्व्हला दिलेलं नाव असेल, असं तिने धरलं आणि समोर खूण करून ठेवली.

बुधवारी ‘पायपुसणं’ आलं.

हा शब्द पंपहाउसात कुणाच्या तोंडी असणं शक्य नव्हतं. तिथे सगळा कारभार हिंदीतून चाले. तो शब्द होता तिच्या घरात, निळ्या स्केचपेनने लिहिलेला. ऋजू चार वर्षांची झाली आणि दरवाज़ा, तकिया, मटका म्हणू लागली. “तुमची लेक आता रुसतेसुद्धा हिंदीत,” असं नागपूरहून सासूबाईंनी ऐकवलं. तेव्हा सुचेताने चिठ्ठ्या केल्या आणि घरभर डिंकाने चिकटवल्या. फाटक, पायपुसणं, दार, माठ, फडताळ, पलंग, उशी. शेजारच्या रजनीकाकू फाटकापाशी थांबून हसल्या होत्या, “काय वो सुचेता, घराचं दुकान केलं का? भाव पण लिहून टाक!”

सुचेताने लेबलांची मूळ यादी तपासली. ‘पायपुसणं’ त्यात नव्हतं. जे लेबल कुणी बनवलेलंच नाही, ते लॉगमध्ये उमटूच शकत नाही. ते उमटलं होतं.

“आई, पायपुसणं गीला आहे,” संध्याकाळी ऋजू म्हणाली.

“ओलं म्हण.”

“ओलं आहे.”

ते खरंच ओलं होतं. बाहेर बेचाळीस अंश होते, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होत होते. सुचेताने पायपुसणं उचलून नाकाशी नेलं. खूप दिवस बंद ठेवलेल्या टाकीचा वास आला. लोखंडाचा आणि शेवाळाचा.

गुरुवारी दोन ओळी होत्या. आधी ‘दार’, मग नऊ मिनिटांनी ‘माठ’. रात्री जेवताना तिने अरविंदला सांगितलं.

“तूच टाकले असतील शब्द,” तो पोळी मोडत म्हणाला. “दिवसभर तेच तर लिहीत असतेस, घरातही अन् तिकडेही. झोप होत नाही तुझी.”

तेही अगदीच अशक्य नव्हतं. म्हणून शुक्रवारी तिने परीक्षा घेतली. ऋजू झोपल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, शब्द न उच्चारता एका चिठ्ठीवर ‘किसणी’ लिहिलं आणि ती किसणीला चिकटवून आत फडताळात ठेवली. परत येऊन लॉगसमोर बसली.

चार मिनिटांनी ‘फडताळ’. त्याखाली लगेच ‘किसणी’.

ती उठली, फडताळ उघडलं. किसणीच्या भोकाभोकांत पाण्याचे थेंब धरले होते.

त्या संध्याकाळी तिने नखांनी खरवडून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. ऋजू मागे मागे फिरत होती. चिठ्ठी निघाली तरी वस्तूवर बोट ठेवून बिनचूक नाव सांगत होती. दार. माठ. उशी. एकदा शब्द आला, की तिला चिठ्ठी लागत नव्हती.

शनिवारी दुपारी ऋजू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मानेवर घामाने चिकटलेले केस होते. सुचेताने ते बोटाने बाजूला केले, तिथे ओठ टेकवले, आणि मग लॉग उघडला.

दोन वाजून पन्नास मिनिटं. ‘पलंग’.

दोन पंचावन्न. ‘उशी’.

प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच लिहिलेलं होतं, नियमाबाहेर पण दिलं. सुचेता इतके दिवस ते रोज वाचत होती. यातलं काहीही अडवलं गेलेलं नव्हतं. ती ओळ वाची तोवर मागितलेलं देऊन झालेलं असे.

तिने हात लांब करून उशी चाचपली. ऋजूच्या डोक्याखालची बाजू घामाने कोमट होती. शेजारची रिकामी बाजू गार होती, भिजलेली होती, आणि मधोमध दबलेली होती.

आता त्या पलंगावर एकच नाव उरलं होतं. ते तिने कुठेही लिहिलं नव्हतं. पण दिवसातून शंभरदा ती ते हाक मारून म्हणत असे.

सोमवारआधी हात लावायचा नव्हता. यादी अर्धवट होती. एखादी जरुरीची परवानगी राहिली असली तर चार हजार घरांचे नळ कोरडे पडले असते, आणि जूनअखेरचा प्रश्न आजच सुटला असता.

कुंपण खरं करायला एक छोटी आज्ञा पुरते. तिने ती दिली.

तीन बाराला ओळ उमटली.

‘ऋजू’. नाकारलं.

तिने लगेच लॅपटॉप मिटला. कूलर घरघरत होता. सुचेता लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. साडेचारला न्हाणीघरातल्या नळाला पाणी आलं. सक्सेना साहेबांचा फोन आला. “बिना पूछे कर दिया? चलो, पानी तो आ रहा है. काम आपका पक्का है,” म्हणाले. रविवारचा दिवस कोरडा गेला. पायपुसणं कोरडं, फडताळ कोरडं. अरविंदने जवाहर चौकातून आइस्क्रीम आणलं.

सोमवारी दुपारी तिने निवांतपणे लॉग उघडला.

‘दार’. नाकारलं.

‘दार’. नाकारलं.

‘दार’. नाकारलं.

दर सात सेकंदांनी. तिने ओळी वर वर सरकवत नेल्या. रविवारचा अख्खा दिवस तेच होतं. शनिवारी तीन बाराच्या त्या एका नकारानंतर, तीन तेरापासून दुसरं काहीच मागितलं गेलं नव्हतं.

फाटकाची मागणी एकदाही नव्हती.

बाहेरून येणाऱ्याला आधी फाटक लागतं, आतून जाणाऱ्याला आधी दार. ते मंगळवारी आलं तेव्हा त्याने फाटकच आधी मागितलं होतं. आता फक्त दार मागत होतं.

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. दाराची परवानगी देता येत होती, एका ओळीचं काम. पण परवानगी नुसती दाराची असते. जायची वेगळी आणि यायची वेगळी अशी नसते.

‘दार’. नाकारलं.

मग सात सेकंद झाले. चौदा झाले. नवी ओळ आली नाही.

सुचेताने मान वळवली. ऋजू जागी होती. उठून बसली नव्हती. भिंतीकडे सरकून, पलंगाची अर्धी जागा मोकळी सोडून पडली होती. डोळे आईकडे होते.

“आई,” ती हळूच म्हणाली, “ते विचारतंय, त्यानं तुला काय म्हणायचं?”