काळा रंग काळाच हवा

दुकानात शिरता शिरता त्याला आधी तिचा आवाज ऐकू आला. ती नंतर दिसली.

"आजोबा, तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. ज्यानं ही डिस्क बनवली ना, त्याचे डोळे तपासायला हवेत. नायकाचं डोकं कपाळापासून उडवलंय. नायिकेचा आवाज आधी येतो आणि ओठ मागाहून हलतात. असल्या माणसाला काचा पुसायचंसुद्धा काम देऊ नये!"

आजोबांच्या हाती दुसरी डिस्क देऊन तिने वर पाहिलं. समोर एक किडकिडीत तरुण खोकं छातीशी धरून उभा होता. कानाच्या पाळ्या लालभडक.

"तुम्हाला काय हवंय?"

"काही नको... म्हणजे... तो माणूस मीच."

गल्ल्यावर बसलेले तिचे काका इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "घ्या! सिनेमा स्वस्तात द्यायचा म्हणून यांनी नायकाची हजामतच करून टाकली!"

काकांचं दुकान जुन्या सिनेमांच्या स्वस्त डिस्कचं. नवी डिस्क आली की मागच्या खोलीत बसून ती अथपासून इतिपर्यंत पाहायची. तिला पसंत पडल्याशिवाय एकही डिस्क फळीवर चढत नसे. काका तिला चाळणी म्हणायचे.

तो एका छोट्या कंपनीत जुन्या रिळांवरून डिस्क बनवायचा. मालकाला सदा घाई. पण पोरगा पळाला नाही. खोकं खाली ठेवून म्हणाला, "काय काय चुकलंय ते दाखवा ना. शिव्या नंतर द्या."

"मला दोन्ही एकदम जमतं. या."

मागच्या खोलीत एक टीव्ही, दोन खुर्च्या आणि दाराला जाड पडदा. तिने डिस्क लावली. "हे बघा. रात्रीचा प्रसंग आहे. काळा रंग काळाच हवा. तुमचा राखेसारखा आहे. एका डिस्कवर दोन सिनेमे कोंबले की असं होतं. अंधारात नुसते चौकोन नाचतात."

"पण स्वस्त डिस्क आहे हो..."

"स्वस्त आहे म्हणून काय झालं? घेणाऱ्यानं आयुष्यात एकदाच पाहिलेला असतो तो सिनेमा. त्याला तो तसाच परत हवा असतो."

रिकामं खोकं उचलून तो निघून गेला. पण पुढच्या वेळी आला तेव्हा नायकाचं डोकं जागेवर होतं.

मग तो येतच राहिला. कधी आवाज जुळवून, कधी एका डिस्कवर एकच सिनेमा घ्यायला मालकाला राजी करून. अंधाऱ्या खोलीत दोघं शेजारी बसत. ती टीव्हीकडे पाही आणि तो...

"समोर बघा. सिनेमा तिकडे आहे."

"चूक सापडली की तुमची डावी भुवई वर जाते. मला तिथंच लवकर कळतं."

"मग आता काय दिसतंय?"

"आता... दोन्ही भुवया वर आहेत. म्हणजे मी जास्त बोललो."

तिला हसू आवरेना. रिमोट घ्यायला दोघांचे हात एकदमच पुढे झाले, एकदमच मागे आले. त्या दिवशी तो प्रसंग पुन्हा पाहावा लागला. कुणी तो पाहिलाच नव्हता.

एकदा तो छाती फुगवून आला. "आज एक ओरखडा सापडला तर नाव बदलीन. नवं यंत्र आणलंय, धूळ शोधून शोधून पुसतं."

चित्र खरंच आरशासारखं लख्ख होतं. शेवटी नायिका खिडकीशी रडते, तिथे मात्र तिने डिस्क थांबवली. पुन्हा मागे नेली.

"हिच्या गालावर थेंब होता. कुठे गेला?"

तो पुढे झुकला. गाल कोरडा ठणठणीत! यंत्राने तिचा अश्रूही धूळ समजून पुसून टाकला होता.

"अरे देवा," तो पुटपुटला. त्या दिवसापासून यंत्रावर विसंबणं संपलं. तो प्रत्येक चित्र स्वतः नजरेखालून घालू लागला. त्यामुळे येणं मात्र लांबलं. दाराची घंटा वाजली की तिचा हात रिमोटवर थबकायचा. गिऱ्हाईक असायचं... आणि पडद्यावरचे प्रेमिक तिला उगाचच लांबण लावताहेत असं वाटायचं.

"चाळणीबाई, चहा गार झाला," काका म्हणायचे. "की वाट बघून बघून तोच कंटाळला?"

शेवटी तो आला, पण चेहरा नेहमीचा नव्हता. दूरच्या एका फिल्म संग्रहालयानं त्याला बोलावलं होतं. तिथे मूळ रिळं धुऊन, सांधून जपतात. त्याचं जन्माचं स्वप्न. पण मालकाची अट होती, की आज आणलेला हा शेवटचा सिनेमा इथे पसंत झाला तरच सुटका. नापसंत झाला तर सगळं पुन्हा करायचं, आणि संग्रहालय तोवर थांबणार नव्हतं.

"म्हणजे तुमच्या हातात आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

सिनेमा सुरू झाला. काळा रंग गर्द काळा. आवाज स्वच्छ. एक तरी चूक निघू दे, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. आणि निघाली! चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक केस क्षणभर थरथरला.

तिने थांबवलं. तो श्वास रोखून पाहत होता.

"केस आहे."

"माहीत आहे. काढायला गेलो तर मागच्या खिडकीच्या पडद्याची घडी पुसली जात होती. म्हणून ठेवला."

एवढ्यावर ती डिस्क परत पाठवू शकली असती. कुणी विचारलंही नसतं. बोट बटणावर तसंच राहिलं... मग तिने सिनेमा पुढे चालू केला आणि शेवटपर्यंत पाहिला.

"बरोबर केलंत. पसंत."

तो हसला नाही. "मला वाटलं... तुम्ही परत पाठवाल."

"मलाही वाटलं."

"मग?"

"इतकं जीव ओतून केलेलं काम नापसंत म्हणू? मग तुम्ही इथे राहिलात तरी तुमच्याकडे बघवलं नसतं मला." तिने रिमोट खाली ठेवला. "जा तुम्ही. फक्त... सिनेमा बघून झाला, पण तुमच्याकडे नीट बघायचं माझं राहूनच गेलंय."

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "तिथे चुका दाखवणारं कुणी नाही. मी बोलावलं तर... याल?"

पडद्यापलीकडून काकांची हाक आली, "अगं, काय ठरलं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी रिमोट घ्यायला कुणीच हात पुढे केला नव्हता, तरी त्यांची बोटं एकमेकांत होती.

"ठरतंय, काका," ती म्हणाली. "जरा थांबा."