पळती अक्षरं

छापखान्याचं दार इतक्या जोरात उघडलं, की अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातातले दोन्ही ट्रे जमिनीवर! छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा नुसता सडा पडला. चिमुकली अक्षरं टेबलाखाली, यंत्राखाली, दारातल्या चपलांपाशी...

"अगंबाई! मी सांडले, मीच वेचते," दारातली शिंपीण म्हणाली. भावाच्या नव्या दुकानाची पत्रकं छापून घ्यायला आली होती ती. दुकान दुसऱ्या गावी. पत्रकं हाती आली की बहीणभाऊ तिकडेच जाणार होते.

एका ट्रेत जाड सरळ अक्षरं होती, दुसऱ्यात जाड तिरकी. ना टोकांना शेपट्या, ना नखरा. वाऱ्यात झुकून धावणाऱ्या माणसासारखी. शर्यत, सर्कस, 'आजच या' – जिथे घाई, तिथे ती. छापखान्यात या तिरक्यांना 'पळती' म्हणत. जुळवणारा मात्र गोगलगाय! 'बसा' म्हणायलाही त्याला दोनदा खाकरावं लागे.

शिंपीण रोज दुपारी तासभर खिळे वेचायला येऊ लागली. सुईत दोरा ओवणारे डोळे ते; आठवड्यातच खिळ्यावरचं उलटं अक्षर सरळ वाचू लागले.

"हे सरळ की तिरकं?"

"ति... तिरकं."

"तुम्ही असे बघत बसलात, की मला सगळंच तिरकं दिसतं."

तो कानापर्यंत लाल.

वेचणं काही संपेना. संपलं तर ही येणार नाही, या धास्तीने ती गेली की तो तिने लावलेले मूठभर खिळे पुन्हा मिसळून ठेवी. जन्मात एक खिळा चुकीच्या घरात न टाकलेला माणूस!

शेवटी एके दुपारी ती उभ्याउभ्याच म्हणाली, "पत्रकं द्या. दादाने उद्याची गाडी ठरवलीय."

त्याने गठ्ठा पुढे केला. तिने तो उचलला, पदराने घाम टिपला, दाराकडे वळली...

कधी घाई न केलेले हात त्या दिवशी भराभर चालले. जुळणीच्या पट्टीत एकच शब्द लावून त्याने ती तिच्यापुढे धरली.

तिने उलटा शब्द सरळ वाचला. "थांबा? आणि तोही पळत्या अक्षरांत?"

"सरळ अक्षरांत लावेपर्यंत... तुम्ही गेला असता."

ती हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "खिळे तुम्ही मिसळता, हे मला चौथ्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर मीही सावकाश वेचत होते. पण दादाला काय सांगू?"

"मी सांगतो," तो म्हणाला. न खाकरता.

आता तो छापखाना नाही. खिळे वितळवले गेले, त्यालाही युग लोटलं. 'थांबा'सकट ती पट्टी तेवढी तिच्या शिवणयंत्राच्या खणात आहे. म्हातारा काठी घेऊन फिरायला निघाला, की ती खण उघडते आणि पट्टी त्याच्यापुढे धरते. चष्मा कधीच जागेवर नसतो. तो बोटांनीच शब्द चाचपतो...

आणि तिच्या चपला सापडेपर्यंत दारात उभा राहतो.